थंडरबर्ड दर वेळी खाते विसरतो तेव्हा: सेटिंग्ज नेमक्या कुठे जातात आणि कशा परत आणायच्या

थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम उघडला, आणि रोजच्या इनबॉक्सऐवजी नाव, ईमेल पत्ता आणि पासवर्ड विचारणारा कोरा फॉर्म समोर आला, तर पहिली गोष्ट ही करा: तो फॉर्म भरू नका. रद्द करा आणि प्रोग्राम बंद करा.

बहुतेक जण घाईने खाते पुन्हा टाकतात. पत्रे येऊ लागतात, काम सुरू होते आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच कोरा फॉर्म दिसतो. दरम्यान संगणकावर एकाच खात्याचे दोन-तीन संच तयार झालेले असतात. खाते पीओपी पद्धतीचे असेल तर नुकसान जास्त होते. नवी पत्रे सर्व्हरवरून उतरून नव्या संचात जातात, जुनी जुन्यात राहतात आणि पत्रव्यवहाराचे दोन तुकडे पडतात. ते सांधायला मूळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

खाते "गेले" असे दिसते तेव्हा बहुधा ते डिस्कवर शाबूत असते. थंडरबर्ड एक तर खात्यांच्या नोंदींची भलतीच वही उघडतो, नाहीतर त्याला वहीत लिहिता येत नाही, नाहीतर त्याने लिहिलेले दुसरे कोणीतरी पुसते. चौथी शक्यता म्हणजे वही खरोखर फाटलेली असते. यांपैकी काय झाले आहे ते कळले की उपाय सोपा असतो. ते न शोधता थंडरबर्ड काढून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, कारण काढताना आणि बसवताना ही वही जागची हलत नाही. दोष तसाच राहतो.

इथे फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील आणि टाइपही तशीच करायची आहेत. पायऱ्या विंडोजच्या आहेत. लिनक्सचा वेगळेपणा जिथल्या तिथे सांगितला आहे.

खाते राहते कुठे

थंडरबर्डचा प्रोग्राम एका जागी असतो आणि तुमची माहिती दुसऱ्या. माहितीच्या फोल्डरला प्रोफाइल म्हणतात. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत %ॲपडेटा%\थंडरबर्ड असे लिहून एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये प्रोफाइल्स.आयएनआय आणि इन्स्टॉल्स.आयएनआय या दोन लहान फाइली आणि प्रोफाइल्स नावाचे फोल्डर दिसेल. त्याच्या आत आठ यादृच्छिक अक्षरे, मग टिंब, मग डीफॉल्ट-रिलीज किंवा डीफॉल्ट-ईएसआर अशा नावाचे फोल्डर असते. हे तुमचे प्रोफाइल.

त्यातल्या काही फाइली ओळखून ठेवा. खात्यांची सगळी रचना प्रेफ्स.जेएस या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. पासवर्ड लॉगिन्स.जेसॉनमध्ये कुलूपबंद असतात आणि त्या कुलपाची किल्ली की४.डीबीमध्ये असते. पत्ते एबुक.एसक्यूलाइटमध्ये असतात. पीओपीची आणि 'लोकल फोल्डर्स'मधली पत्रे मेल या फोल्डरमध्ये, तर आयमॅप खात्यांच्या (ज्यांत मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात) प्रती आयमॅपमेलमध्ये.

प्रेफ्स.जेएस नोटपॅडमध्ये उघडली तर खात्यांची साखळी दिसते. 'मेल.अकाउंटमॅनेजर.अकाउंट्स' या ओळीत अकाउंट१, अकाउंट२ अशी स्वल्पविरामाने जोडलेली यादी असते. प्रत्येक अकाउंटपुढे त्याचा सर्व्हर आणि त्याची आयडेंटिटी (पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता) कोणती ते लिहिलेले असते, आणि त्या सर्व्हरच्या ओळींत पत्ता, पोर्ट व पत्रांचे फोल्डर. म्हणजे यादीतला एक शब्द गळाला तरी अख्खे खाते पडद्यावरून नाहीसे होते, पत्रे मात्र डिस्कवर जशीच्या तशी असतात.

ही फाइल थंडरबर्ड चालू असताना हाताने बदलू नये. बंद होताना तो आपल्या स्मरणातल्या सेटिंग्ज तिच्यात पुन्हा लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो.

कोणता दोष आहे ते ओळखणे

१. थंडरबर्ड बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत थंडरबर्ड उरला नाही ना ते पाहा. मोठ्या प्रोफाइलमध्ये खिडकी बंद झाल्यावरही तो काही काळ मागे चालू राहतो. तेवढ्यात संगणक बंद केला तर शेवटचे बदल लिहायचे राहून जातात.

२. अख्खे थंडरबर्ड फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. ही पायरी टाळू नका. पुढे काहीही चुकले तरी इथवर परत येता येईल.

३. प्रोफाइल्स फोल्डरमध्ये किती प्रोफाइल आहेत ते मोजा. प्रत्येकावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहा आणि आतल्या प्रेफ्स.जेएसची 'डेट मॉडिफाइड' वेळ लिहून ठेवा. वर्षानुवर्षांच्या पत्रांचे प्रोफाइल जीबींमध्ये असते, नुकतेच तयार झालेले काही एमबींचे.

४. थंडरबर्ड उघडा, फॉर्म रद्द करा. हेल्प मेन्यूतून 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' निवडा आणि 'प्रोफाइल फोल्डर'पुढचे 'ओपन फोल्डर' दाबा. जे फोल्डर उघडेल ते या क्षणी वापरात आहे. ते मोठे आहे की कोरे?

५. सेटिंग्जमध्ये एक किरकोळ बदल करा, अक्षरांचा आकार वगैरे. प्रोग्राम बंद करा, टास्क मॅनेजरमधून तो गेल्याची खात्री करा आणि प्रेफ्स.जेएसची वेळ पुन्हा पाहा.

वापरातले फोल्डर कोरे आणि मोठे फोल्डर बाजूला पडलेले असेल, तर प्रोफाइल चुकले आहे. फोल्डर बरोबर पण वेळ बदलली नसेल, तर लिहिता येत नाही. वेळ बदलली आणि तरीही पुढच्या वेळी बदल दिसला नाही, तर कोणीतरी पुसते आहे. फोल्डर बरोबर, पण प्रेफ्स.जेएस शून्य आकाराची किंवा आत वाचण्याजोगे काही नसेल, तर ती खराब झाली आहे.

चुकीचे प्रोफाइल उघडते

सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचे प्रोफाइल देतो. कोणत्या जागच्या इन्स्टॉलेशनने कोणते प्रोफाइल उघडायचे याची नोंद इन्स्टॉल्स.आयएनआयमध्ये असते. प्रोग्रामची जागा बदलली की तो थंडरबर्डच्या लेखी नवा होतो, आणि नव्याला कोरे प्रोफाइल मिळू शकते.

जागा नकळत बदलते. ३२ बिटचा थंडरबर्ड 'प्रोग्राम फाइल्स एक्स८६'मध्ये बसतो आणि ६४ बिटचा 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये. एक वेबसाइटवरून आणि एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतला असेल, तर संगणकावर दोन थंडरबर्ड असतात. टास्कबारवरचे चित्र एक उघडते, डेस्कटॉपवरचे दुसरे. "कधी खाते दिसते, कधी नाही" अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. सेटिंग्जमधील 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये थंडरबर्ड दोनदा दिसला तर एक काढून टाका.

आणखी एक वाट म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परतणे. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. इशारा देते आणि नवे प्रोफाइल तयार करण्याचा पर्याय समोर ठेवते. तो इशारा न वाचता पुढे गेलात की पाटी कोरी. मासिक आवृत्ती आणि दीर्घ मुदतीची ईएसआर आवृत्ती यांच्यात ये-जा करणाऱ्यांना हे हमखास भोवते. इथे खरा उपाय एकच, नवी आवृत्ती पुन्हा बसवणे.

दुरुस्तीसाठी थंडरबर्ड बंद करून विंडोज आणि आर दाबा आणि थंडरबर्ड.ईएक्सई, मग एक जागा सोडून, आडवी रेघ आणि मोठा पी असे लिहा. प्रोफाइल मॅनेजर उघडेल. यादीतल्या नावांवर माउस नेला की फोल्डरचा पत्ता दिसतो. मघाशी मोठे आढळलेले प्रोफाइल निवडा, 'यूज द सिलेक्टेड प्रोफाइल विदाउट आस्किंग ॲट स्टार्टअप'वर खूण करा आणि सुरू करा. खाती परत दिसली पाहिजेत.

जुने प्रोफाइल यादीतच नसेल, पण फोल्डर डिस्कवर असेल, तर 'क्रिएट प्रोफाइल' करून 'चूज फोल्डर'ने तेच जुने फोल्डर दाखवा. त्यातली माहिती पुसली जात नाही, थंडरबर्ड ती उचलतो. इथे एक धोका आहे. चुकून डॉक्युमेंट्ससारखे भरलेले फोल्डर निवडले आणि मग ते प्रोफाइल काढताना 'डिलीट फाइल्स' दाबले, तर त्या फोल्डरमधले सगळे जाते. प्रोफाइल काढायचे झाल्यास 'डोन्ट डिलीट फाइल्स' निवडा.

लिनक्सवर हाच प्रकार पॅकेज बदलल्यावर होतो. साध्या पॅकेजचे प्रोफाइल होम फोल्डरमध्ये .थंडरबर्ड या लपलेल्या फोल्डरात असते, स्नॅपचे स्नॅप/थंडरबर्ड/कॉमन/.थंडरबर्डमध्ये आणि फ्लॅटपॅकचे .व्हार/ॲपच्या आत. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप म्हणून येतो. अपग्रेडनंतर खाते दिसेनासे झाले असेल तर दोन्ही ठिकाणचे आकार पडताळा.

विंडोजने स्वतःच दगा दिला असेल तर लक्षण वेगळे असते. डेस्कटॉपवरची चित्रे आणि भिंतचित्रही गायब झालेले असते. विंडोज तुमचे यूजर प्रोफाइल वाचू शकले नाही की तात्पुरते प्रोफाइल देते आणि साइन आउट करताच ते फेकून देते. विंडोज आणि आर दाबून %यूजरप्रोफाइल% लिहा. उघडलेल्या फोल्डरच्या पत्त्यात तुमच्या नावाऐवजी टेम्प असेल तर निदान पक्के. अशा वेळी त्या सत्रात काही जतन करू नका. आधी संगणक एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहा, अनेकदा तेवढ्याने भागते. नाहीच जमले तर रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्याच्या) प्रोफाइललिस्टमध्ये तुमच्या खात्याची नोंद दोनदा, एकदा .बॅक शेपटीसह, आढळते. ती दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्या, आणि तीही रजिस्ट्रीची प्रत काढल्यावर.

लिहिता येत नाही

प्रेफ्स.जेएसवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'वर खूण असेल तर काढा. सीडीवरून किंवा जुन्या बॅकअपमधून परत आणलेल्या फाइलींवर ही खूण चिकटून येते.

प्रोफाइल फोल्डरमध्ये प्रेफ्स-१.जेएस, प्रेफ्स-२.जेएस अशा फाइलींची रांग किंवा प्रेफ्स.जेएस.मोझटीएमपी दिसली, तर थंडरबर्ड नवी प्रत लिहितो आहे पण ती मूळ फाइलच्या जागी बसवता येत नाही असा अर्थ. या फाइली लगेच पुसू नका. त्यांतली सर्वांत ताजी नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात तुमच्या खात्यांच्या ओळी असतील तर तीच तुमची हरवलेली वही. थंडरबर्ड बंद असताना सध्याच्या प्रेफ्स.जेएसला वेगळे नाव द्या, ताज्या प्रतीची कॉपी करून तिला प्रेफ्स.जेएस हे नाव द्या, आणि खाती परत दिसल्यावरच बाकीच्या हटवा.

ही अडवणूक बहुधा अँटिव्हायरस करतो. बरोबर लिहिण्याच्या क्षणी तो फाइल तपासायला धरून ठेवतो. त्याच्या अपवादांच्या यादीत प्रोफाइल फोल्डर टाका. इनबॉक्स ही एकच मोठी फाइल असल्यामुळे हा अपवाद तिच्यासाठीही आवश्यक आहे. एका संशयित पत्रासाठी अख्खा इनबॉक्स 'क्वारंटाइन' झाल्याची उदाहरणे आहेत. विंडोजमधील 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल आणि प्रोफाइल हलवून डॉक्युमेंट्समध्ये ठेवले असेल, तर तिथेही लिहिणे अडते. थंडरबर्डला परवानगी द्या किंवा प्रोफाइल मूळ जागी न्या.

सी ड्राइव्ह भरला असेल तरीही असेच होते. निदान काही जीबी जागा मोकळी ठेवा. लिनक्सवर कोणी एकदा सुडो लावून, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने, थंडरबर्ड चालवला असेल, तर काही फाइलींची मालकी रूट या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याकडे जाते. चाऊन (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) कमांडने अख्ख्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्या.

लिहिलेले पुसले जाते

प्रोफाइलमध्ये यूजर.जेएस नावाची फाइल आहे का पाहा. थंडरबर्ड ती स्वतः कधीच तयार करत नाही. ती असेल तर तिच्यातल्या ओळी दर वेळी सुरुवातीला प्रेफ्स.जेएसवर मात करतात. तिचे नाव बदलून पाहा.

वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा तत्सम फोल्डरमध्ये प्रोफाइल ठेवून घरी आणि ऑफिसात एकच थंडरबर्ड वापरण्याची कल्पना मोहक वाटते, पण ती करू नये. दोन्ही संगणक एकाच वेळी फाइल बदलतात, सिंक करणारा प्रोग्राम जुनी प्रत नव्यावर टाकतो आणि पत्रांच्या फाइलीही बिघडू शकतात. दोन ठिकाणी तीच पत्रे हवी असतील तर आयमॅप त्यासाठीच आहे.

"संगणक साफ करणारे" प्रोग्रामही तपासा. त्यांच्या यादीत थंडरबर्डपुढे खूण असेल तर काढा. सायबर कॅफे, ग्रंथालय किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संगणक दर रीस्टार्टला डिस्क मूळ स्थितीत नेत असेल, तर तिथे कोणतीही सेटिंग टिकणार नाही. तिथे ब्राउझरमधूनच पत्रे पाहावीत.

फाइल खराब झाली आहे

लिहिता लिहिता वीज गेली तर प्रेफ्स.जेएस अर्धवट राहते, शून्य आकाराची होते किंवा निरर्थक रिकाम्या चिन्हांनी भरते. भारनियमन किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या गावांत डेस्कटॉपला यूपीएस असणे म्हणूनच महत्त्वाचे. वाचता न आलेली फाइल थंडरबर्ड इनव्हॅलिडप्रेफ्स.जेएस या नावाने बाजूला ठेवून कोऱ्या सेटिंग्जने सुरू होऊ शकतो. ती नोटपॅडमध्ये उघडा. बऱ्याचदा शेवटच्या दोन-चार ओळीच बिघडलेल्या असतात. त्या काढा, प्रत्येक ओळ कंस आणि अर्धविरामाने पूर्ण झाली आहे ना ते पाहा आणि तिची कॉपी प्रेफ्स.जेएस म्हणून वापरा. वारंवार असे होत असेल तर डिस्क तपासा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क सी: /एफ ही आज्ञा द्या (चेकडिस्क हा शब्द सी-एच-के-डी-एस-के असा टाइप करा).

बाकी खाती आहेत आणि एकच गेले असेल तर 'मेल.अकाउंटमॅनेजर.अकाउंट्स' ओळीत त्याचा क्रमांक आहे का बघा. नसेल, पण खाली अकाउंट३च्या सर्व्हर आणि आयडेंटिटीच्या ओळी शाबूत असतील, तर यादीत स्वल्पविराम देऊन अकाउंट३ जोडा.

कुठलीच प्रत हाती लागली नाही, तर आता खाते नव्याने घाला. आयमॅप असेल तर सर्व्हरवरची पत्रे आपोआप परत येतील. पीओपी असेल तर संयम हवा. फॉर्ममध्ये 'ॲडव्हान्स्ड कॉन्फिग' निवडा म्हणजे लगेच पत्रे उतरायला लागणार नाहीत. 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये सुरू होताना आणि ठरावीक मिनिटांनी पत्रे तपासण्याच्या खुणा काढा. मग त्याच पानाच्या तळाशी 'लोकल डिरेक्टरी'पुढे 'ब्राउझ' करून मेलमधले त्या खात्याचे जुने फोल्डर दाखवा. थंडरबर्ड पुन्हा सुरू होईल आणि जुनी पत्रे दिसतील. त्या फोल्डरमधील पॉपस्टेट.डॅट ही लहान फाइल जपा. सर्व्हरवरची कोणती पत्रे आधीच उतरवली आहेत याची नोंद तिच्यात असते. ती नसेल तर सर्व्हरवर राहिलेली सगळी पत्रे दुसऱ्यांदा उतरतात.

याहून सोपी वाटही आहे. थंडरबर्ड बंद असताना जुनी इनबॉक्स नावाची, शेपटी नसलेली फाइल नव्या प्रोफाइलच्या मेल/लोकल फोल्डर्समध्ये वेगळ्या नावाने ठेवा. एमएसएफ शेपटीची फाइल आणू नका, ती केवळ सूची आहे आणि नव्याने बनते.

खाते आहे, पासवर्ड मात्र पुन्हा पुन्हा मागतो

हा दोष वेगळा आहे. लॉगिन्स.जेसॉन आणि की४.डीबी ही जोडी आहे. बॅकअपमधून एकच फाइल आणली तर कुलूप एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची असे होते. दोन्ही एकाच दिवसाच्या प्रतीतून आणा.

जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे थांबवले, आणि आउटलुक.कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. जुन्या थंडरबर्डमध्ये खाते वर्षानुवर्षे 'नॉर्मल पासवर्ड'वर असेल तर पासवर्ड कितीही अचूक टाकला तरी तो नाकारला जाईल. सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' ओऑथ२ (वेगळ्या खिडकीत लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) करा, आणि पत्रे पाठवणाऱ्या एसएमटीपी सर्व्हरलाही तेच. जीमेलसाठी येणाऱ्या पत्रांचा पोर्ट ९९३, जाणाऱ्यांचा ४६५, दोन्हीकडे एसएसएल/टीएलएस. लॉगिनची खिडकी कोरी राहत असेल किंवा पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'ॲक्सेप्ट कुकीज फ्रॉम साइट्स' चालू करा.

दुरुस्तीनंतर लगेच

सगळे जागेवर आले की थंडरबर्ड बंद करून त्याच दिवशी अख्ख्या थंडरबर्ड फोल्डरची ताजी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. टूल्समधील एक्स्पोर्टही चालेल, पण २ जीबीपेक्षा मोठ्या प्रोफाइलसाठी फोल्डरच कॉपी करावे लागते. पत्रांची प्रत महिन्याला एकदा पुरे. पण खात्यांचा जीव ज्या तीन फाइलींत आहे, प्रेफ्स.जेएस, लॉगिन्स.जेसॉन आणि की४.डीबी, त्या सहसा लहान असतात. त्या आठवड्याला तारीख घालून वेगळ्या ठेवा. या फाइलींमध्ये तुमचे पासवर्ड आणि त्यांची किल्ली आहे हे लक्षात असू द्या: पेनड्राइव्ह कुलपात ठेवा, किंवा सेटिंग्जमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावा.